औषध देण्याचा अधिकार

३ मार्च १९१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मेम्फिस शहरातल्या वेब नावाच्या डॉक्टरच्या खटल्याचा निकाल दिला. हा डॉक्टर मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या लोकांना मागतील तशा चिठ्ठ्या लिहून देई, एका चिठ्ठीचे ५० सेंट घेई आणि गोल्डबाम नावाचा औषधविक्रेता त्या चिठ्ठ्यांवर मॉर्फिन देई. चिठ्ठ्यांची संख्या हजारांत गेली होती. न्यायालयापुढचा प्रश्न मात्र वेबच्या लोभापुरता नव्हता. व्यसन सोडवण्याचा हेतू नाही, फक्त माणसाला टर्कीचा, म्हणजे औषध थांबल्यावर होणाऱ्या हालांचा, त्रास होऊ नये आणि त्याचे रोजचे चालू राहावे एवढ्यासाठी दिलेली मॉर्फिनची चिठ्ठी ही डॉक्टरची चिठ्ठी मानायची का, असा तो प्रश्न होता. पाच विरुद्ध चार मतांनी उत्तर आले: मानायची नाही. इतके उघड आहे की त्यावर चर्चेचीही गरज नाही, असेही बहुमताने नोंदवले. नऊपैकी चार न्यायमूर्ती विरुद्ध बाजूला असताना चर्चेची गरज नाही असे म्हणणे मला आजही अस्वस्थ करते, कारण पुढच्या पन्नास वर्षांत असंख्य माणसांचे जगणे-मरणे त्या न झालेल्या चर्चेवर अवलंबून राहिले.

ज्या कायद्याखाली हा निकाल लागला, तो १९१४ चा हॅरिसन कायदा मुळात कराचा कायदा होता. अफू, मॉर्फिन, कोकेन यांचा व्यवहार करणाऱ्याने नोंदणी करावी, हिशेब ठेवावा, कर भरावा, एवढेच त्यात होते. डॉक्टरांना आपल्या व्यवसायाच्या मर्यादेत ही औषधे देण्याची मोकळीक होती. त्या मर्यादेत काय बसते आणि काय नाही, हे कायद्याने सांगितले नव्हते. ते वैद्यकाने ठरवायला हवे होते. ठरवले न्यायालयाने, आणि अंमल गेला अर्थखात्याच्या निरीक्षकांच्या हाती. हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन दीर्घकाळ देण्याच्या उपचाराबद्दल आज जे आक्षेप ऐकू येतात, की ‘एक नशा काढून दुसरी दिली’ किंवा ‘औषध देऊन व्यसन पोसले’, ते आपण वैद्यकीय शंका समजून ऐकतो. माझे म्हणणे असे, की या शंका प्रयोगातून किंवा रुग्णांच्या निरीक्षणातून आलेल्या नाहीत. एकाही नीट चाचणीआधी त्यांचा निवाडा होऊन गेला होता, आणि पुढे पुरावा आला तेव्हा त्याला त्या निवाड्याच्या पायरीवर उभे राहून दार ठोठावावे लागले.

निकालानंतर लगेच जे घडले, त्यातच याची पहिली साक्ष मिळते. डॉक्टरांची दारे बंद झाल्यावर व्यसनी माणसे थेट काळ्या बाजाराकडे जातील, हे शहरांच्या आरोग्यखात्यांना दिसत होते. १९१९ पासून चाळीसहून अधिक शहरांत नगरपालिकांनी किंवा राज्यांनी व्यसन्यांना औषध देणारी आपली केंद्रे उघडली. न्यूयॉर्कचे केंद्र गर्दीने आणि गोंधळाने वर्षभरातच बंद पडले, आणि विरोधकांनी नंतर कायम त्याचेच उदाहरण दिले. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टचे उदाहरण क्वचितच कोणी दिले. तिथे डॉ. विलिस बटलर यांनी नोंदणी, तपासणी आणि ठरलेला डोस अशी शिस्त लावली होती. पेशंटने काम करावे अशी त्यांची अपेक्षा असे, आणि शहरातले पोलीस आणि न्यायाधीश त्यांच्या बाजूने होते. तरीही संघीय अधिकाऱ्यांनी दबाव आणून फेब्रुवारी १९२३ मध्ये ते बंद करायला लावले. १९२५ मध्ये स्पोकेनच्या डॉ. लिंडर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वेगळा सूर लावला. व्यसनी माणूस हा रोगी आहे आणि डॉक्टरने सद्भावनेने थोडे औषध दिले तर तो गुन्हा होत नाही, असे तिथे म्हटले गेले. लिंडर यांनी दिल्या होत्या एकूण चार गोळ्या, आणि त्या घेणारी बाई सरकारची खबरी होती. पण निरीक्षकांनी आपले नियम बदलले नाहीत. खटला जिंकायला लिंडर यांना वर्षे लागली. ते पाहिल्यावर दुसरा कोणता डॉक्टर तो धोका पत्करणार?

अगदी त्याच काळात ब्रिटनने हाच प्रश्न डॉक्टरांच्या समितीकडे दिला. सर हम्फ्री रोलस्टन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९२६ मध्ये अहवाल दिला, की औषध पूर्ण तोडता येत नाही, पण ठरलेल्या लहान डोसवर जो माणूस सर्वसामान्य उपयुक्त आयुष्य जगू शकतो, त्याला ते देणे हा योग्य वैद्यकीय व्यवहार आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा व्यसनी थोडे होते आणि बरेचसे मध्यमवर्गीय होते, म्हणून दोन देशांची सरळ तुलना करता येत नाही, हे खरे. तरी एवढे दिसते की त्या काळच्या ज्ञानातून अमेरिकेचाच निष्कर्ष निघणे भाग नव्हते.

अमेरिकेने निवडलेल्या वाटेची परीक्षा तिच्याच एका संस्थेने घेतली. १९३५ मध्ये केंटकी राज्यात लेक्झिंग्टनजवळ सरकारने एक मोठे रुग्णालय उघडले. ते अर्धे इस्पितळ, अर्धा तुरुंग होते. भोवती शेतजमीन, आत कैदी आणि स्वेच्छेने आलेले रुग्ण एकत्र. इथे माणसाचे औषध सावकाश तोडत, त्याला काम देत, चांगले खायला घालत, मानसोपचार करत. व्यसनमुक्तीच्या नावाने आजही जे केले जाते ते जवळजवळ सगळे तिथे होते, आणि सरकारी पैशाने होते. तिथून न्यूयॉर्कला परतलेल्या सुमारे एकोणीसशे लोकांचा मागोवा १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक पुन्हा व्यसनात गेले होते, आणि त्यांतले बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच. यावरून व्यसन्यांत दम नसतो, असा अर्थ काढता येतो आणि तेव्हा तोच काढला गेला. दुसरा अर्थही होता: औषध अंगातून काढल्याने रोग जात नाही. हा दुसरा अर्थ घ्यायला जी माणसे पुढे आली, त्यांतली एक लेक्झिंग्टनमध्येच नोकरी करून आली होती.

मेरी निस्वांडर यांना सर्जन व्हायचे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सार्वजनिक आरोग्य सेवेने त्यांची नेमणूक लेक्झिंग्टनला केली. तिथे कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीने त्या हादरल्या आणि पुढे न्यूयॉर्कला येऊन मानसोपचारतज्ज्ञ झाल्या. व्यसन्यांना खासगीत तपासणारे डॉक्टर तेव्हा बोटांवर मोजण्याइतके होते. निस्वांडर त्यांतल्या एक. व्यसनी हा रुग्ण आहे, हे शीर्षकातच सांगणारे त्यांचे पुस्तक १९५६ मध्ये आले. त्यांचा अनुभव मात्र हताश करणारा होता. बोलून, समजावून, मनाच्या गाठी सोडवून माणूस काही आठवडे टिके, पुन्हा रस्त्यावर जाई. व्हिन्सेंट डोल यांचा या विषयाशी संबंधच नव्हता. रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ते लठ्ठपणावर, शरीरातल्या चरबीच्या व्यवहारावर संशोधन करत. वजन कमी केलेली माणसे पुन्हा तेवढीच जाड होतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते आणि त्याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणणे त्यांना पटत नव्हते. १९६० नंतर न्यूयॉर्कमध्ये हेरॉइनने मरणाऱ्या तरुणांची संख्या वाढत होती. शहराच्या आरोग्य संशोधन परिषदेच्या एका समितीवर डोल यांना काम करावे लागले, त्या निमित्ताने त्यांनी निस्वांडर यांचे पुस्तक वाचले आणि त्यांना बोलावून घेतले. १९६४ च्या सुरुवातीला मेरी जीन क्रीक ही तरुण डॉक्टरही त्यांना येऊन मिळाली.

रॉकफेलरच्या वॉर्डात त्यांनी प्रथम दोन पेशंट घेतले. दोघांची हेरॉइनची सवय जुनी होती. त्यांना काय लागते ते आधी पाहू, म्हणून मॉर्फिन देऊन बघितले. डोस वाढत गेला, दिवसातून अनेकदा इंजेक्शन द्यावे लागे, आणि दोघे बहुतेक वेळ टीव्हीसमोर गाउनमध्ये बसून पुढच्या इंजेक्शनची वाट पाहत किंवा मागच्याच्या गुंगीत असत. हा प्रयोग फसला होता. औषध तोडण्याच्या तयारीसाठी म्हणून त्यांना मेथाडोनवर आणले, आणि मॉर्फिनचा डोस मोठा असल्याने मेथाडोनही बरेच द्यावे लागले. थोड्याच दिवसांत वॉर्डातले दृश्य पालटले. एकाने रंग मागवले आणि तो चित्रे काढू लागला. दुसऱ्याने शाळा पुरी करायची म्हणून बाहेर वर्गाला जाण्याची परवानगी मागितली. इंजेक्शनबद्दलचे बोलणे थांबले. डोस वाढवून मागण्याचीही गरज राहिली नाही. औषध तोडायचा बेत होता, तो डॉक्टरांनी तिथेच थांबवला. या निर्णयात मला सगळ्या कथेचे मर्म दिसते. त्या क्षणी त्यांनी यशाची मोजपट्टी बदलली. अंगात औषध आहे की नाही, हे विचारणे सोडून त्यांनी माणूस आपला दिवस कशात घालवतो ते विचारायला सुरुवात केली.

औषध नवे नव्हतेच. जर्मनीत हेख्स्टच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते बनवले. महायुद्धानंतर जर्मन कंपन्यांची कागदपत्रे दोस्तांच्या हाती आली तेव्हा ते अमेरिकेत पोचले, आणि लेक्झिंग्टनमध्येही हेरॉइन तोडताना काही दिवस ते वापरत. त्याचे गुण मात्र या कामासाठी आता प्रथमच नीट पाहिले गेले. हेरॉइन नसेत टोचले की काही सेकंदांत उसळी येते आणि चार-सहा तासांत अंग पुन्हा मागू लागते. मेथाडोन तोंडाने घेतले तर सावकाश चढते, चोवीस ते छत्तीस तास टिकते, आणि सवय झालेल्या माणसाला त्याने ना गुंगी येते ना टर्की. पुरेसा डोस पोटात असला की वरून हेरॉइन टोचूनही फारसे काही जाणवत नाही. त्यांनी पेशंटना आत काय आहे हे न सांगता इंजेक्शने देऊन हे तपासून पाहिले. २३ ऑगस्ट १९६५ रोजी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २२ रुग्णांवरचा पहिला लेख आला. त्याआधीच मादक द्रव्य विभागाचा माणूस डोल यांच्याकडे येऊन, तुम्ही कायदा मोडता आहात, असे बजावून गेला होता. डोल यांनी शांतपणे सांगितले, की मग माझ्यावर खटला भरा, म्हणजे हा प्रश्न एकदा न्यायालयात नीट सुटेल. खटला भरला गेला नाही. वेबच्या निकालानंतर पंचेचाळीस वर्षांनी, मागे रॉकफेलरसारखी संस्था असलेल्या एका डॉक्टरने ती न झालेली चर्चा मागितली, आणि समोरच्या पक्षाने ती टाळली. कोण्या गल्लीतल्या डॉक्टरला हे जमले नसते, हेही तितकेच खरे.

मग तो पहिला आक्षेप: एक नशा काढून दुसरी दिली. डोल यांचे उत्तर मधुमेही आणि इन्सुलिनचे होते. ते अपुरे आहे, कारण इन्सुलिन न मिळालेल्या मधुमेह्याच्या मनात इन्सुलिनची ओढ निर्माण होत नाही. मेथाडोन बंद झाले तर टर्की येते, आणि ती हेरॉइनच्या टर्कीपेक्षा लांब चालते. हे लपवण्यात अर्थ नाही. शरीर त्याला सरावलेले राहते. पण शरीराने सरावणे आणि आयुष्य त्या वस्तूभोवती फिरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ज्याला व्यसन म्हणून आपण घाबरतो त्यात पैशासाठी चोरी, घरातली भांडी विकणे, सुई वाटून घेणे, मुलांकडे लक्ष नसणे, तुरुंग आणि शेवटी कुठल्यातरी जिन्याखाली मृत्यू हे सगळे येते. मेथाडोनने सरावणे जात नाही, बाकीचे बहुतेक जाते. ज्याला सरावणे हेच पाप वाटते त्याला हे उत्तर पटणार नाही. तो आक्षेप नीतीचा आहे, आणि तो वैद्यकाच्या नावाने मांडला जाऊ नये एवढीच माझी हरकत आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. डोल-निस्वांडर यांनी सुरुवातीला रुग्ण निवडून घेतले होते. वयाने मोठे, अनेक वर्षांचे व्यसनी, गंभीर मनोविकार नसलेले. त्यांच्यात आधीच सुधारण्याची इच्छा असेल, यश औषधाचे नसून निवडीचे असेल, असे म्हणायला जागा होती. ही शंका चाचणीनेच फिटू शकत होती, आणि ती चाचणी हाँगकाँगमध्ये झाली. शंभर हेरॉइन व्यसन्यांना प्रथम मेथाडोनवर स्थिर केले, मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. पन्नास जणांचे मेथाडोन चालू राहिले, पन्नास जणांचे नकळत रोज थोडे कमी करत बंद केले आणि तसेच दिसणारे पाणी दिले. समुपदेशन दोघांना सारखेच होते. बत्तीस आठवड्यांनी पहिल्या गटातले ७६ टक्के उपचारात होते, दुसऱ्यातले १० टक्के. तीन वर्षांनी ५६ आणि २. न्यूमन आणि व्हाइटहिल यांनी हे १९७९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केले. पुढे २००३ मध्ये स्वीडनची चाचणी आली. चाळीस रुग्ण, दोन्ही गटांना भरपूर समुपदेशन, एका गटाला वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन, दुसऱ्याला सहा दिवसांत कमी करून नकली गोळी. वर्षाअखेर औषधाच्या गटातले तीन चतुर्थांश टिकले, नकली गोळीच्या गटातले कोणीही टिकले नाही, आणि त्यांच्यातले वीसपैकी चार जण मेले होते. समुपदेशन पुरे, औषध कशाला, असे म्हणणाऱ्याला त्या चार मृत्यूंचे काय हे सांगावे लागेल.

तिसरा आक्षेप रस्त्यावरून आला, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. १७ जून १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी मादक द्रव्यांविरुद्ध मोहीम जाहीर केली, व्हाइट हाउसमध्ये डॉ. जेरोम जॅफी यांच्या हाताखाली नवे कार्यालय उभे केले आणि मेथाडोन देशभर पसरवले. व्हिएतनाममधून हेरॉइन घेणारे सैनिक परतत होते आणि शहरांतली गुन्हेगारी कमी करून दाखवायची होती. हार्लेम आणि ब्रॉन्क्समधल्या कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन संघटनांनी विचारले, की आमच्या पोरांना काम नाही, घर नाही, शाळा नाही. त्याऐवजी त्यांना गप्प ठेवणारे औषध देता? नोव्हेंबर १९७० मध्ये ब्रॉन्क्सच्या लिंकन हॉस्पिटलचा काही भाग ताब्यात घेऊन आंदोलकांनी स्वतःचे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले होते. सरकारच्या हेतूविषयीची त्यांची शंका निराधार नव्हती. पण त्यातून औषध नको असा निष्कर्ष निघत नाही. कामही हवे आणि औषधही, असा निघतो. डोल-निस्वांडर यांच्या मूळ कार्यक्रमात नोकरी, शिक्षण, वकील मिळवून देणारी माणसे होती, आणि स्वतः मेथाडोनवर असलेले जुने पेशंटच नव्यांना हात देत. निक्सनकालीन विस्तारात औषधाचे पिंप पोचले, ही माणसे बहुतेक ठिकाणी पोचली नाहीत.

आणि औषधही पुरते पोचले नाही. १९७२ च्या नियमांनी मेथाडोन सर्वसाधारण डॉक्टरांकडून आणि औषधदुकानांतून काढून परवानाधारक केंद्रांत बंद केले. सकाळी रांग, खिडकीतून ओळखपत्र, नर्सने फळांच्या सरबतात मिसळून दिलेला डोस, तो तिच्यासमोर प्यायचा आणि गिळला हे दाखवायला दोन शब्द बोलायचे, ठरल्या दिवशी कोणाच्या तरी देखत लघवीचा नमुना द्यायचा. कामावर सात वाजता हजर व्हायचे असेल आणि खिडकी आठला उघडत असेल, तर एकतर नोकरी सोडा नाहीतर औषध. डोसवरही मर्यादा आली. डोल यांना ऐंशी ते एकशेवीस मिलिग्रॅम लागले होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बहुसंख्य केंद्रे साठच्या खाली देत होती, कारण कमी औषध म्हणजे जास्त नीतिमान उपचार असा समज होता. कमी डोसवरचे पेशंट वरून हेरॉइन घेत, आणि मग त्याकडे बोट दाखवून उपचार निकामी ठरवला जाई. बॉल आणि रॉस यांनी सहा केंद्रांच्या अभ्यासात १९९१ मध्ये हे दाखवून दिले. उपचार सोडलेल्यांपैकी ८२ टक्के वर्षभरात पुन्हा सुईकडे वळल्याचेही त्यांनी नोंदवले. याला मी औषधाचे अपयश मानत नाही. १९१९ ची शंका नव्या इमारतीत राहायला आली होती.

नियमांच्या या कुंपणाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, आणि ते बोलले पाहिजे. मेथाडोन हे जीव घेऊ शकणारे औषध आहे. ज्याला सवय नाही त्याला पन्नास मिलिग्रॅमही मारू शकते, आणि उपचाराचे पहिले दोन आठवडे धोक्याचे असतात. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकानंतर समोर प्यायला लावण्याची पद्धत वाढली तेव्हा मेथाडोनचे मृत्यू घटले. म्हणजे सुरुवातीची देखरेख फुकट नाही. पण अमेरिकेत २००० नंतर मेथाडोनने मरणाऱ्यांची जी लाट आली, तिचे मुख्य कारण व्यसन-केंद्रे नव्हती. दुखण्यावरच्या गोळ्या म्हणून सर्रास लिहून दिलेले मेथाडोन होते. आणि मार्च २०२० मध्ये कोविडमुळे स्थिर पेशंटना अठ्ठावीस दिवसांचा डोस घरी न्यायची मुभा दिली, तेव्हा अतिसेवनाच्या मृत्यूंत मेथाडोनचा वाटा वाढला नाही, उलट थोडा कमी झाला. २०२४ च्या नियमांनी ही मुभा कायम केली. पन्नास वर्षे जी सूट दिली तर अनर्थ होईल असे सांगितले जात होते, ती देऊन पाहायला एक साथ यावी लागली.

त्याआधीच्या एका साथीने याहून मोठे शिकवले होते. फिलाडेल्फियात १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुई टोचणाऱ्यांना अठरा महिने पाहिले. मेथाडोन घेणाऱ्यांपैकी साडेतीन टक्क्यांना नव्याने एचआयव्हीची लागण झाली, उपचाराबाहेरच्यांपैकी बावीस टक्क्यांना. त्याच सुमारास दुसरे औषध पुढे येत होते. इंग्लंडच्या हल शहरातल्या रेकिट अँड कोलमन कंपनीत बनलेल्या ब्युप्रेनॉर्फिनवर लेक्झिंग्टनच्याच संशोधन केंद्रात जॅसिन्स्की यांनी काम करून १९७८ मध्ये लिहिले होते, की हे व्यसनाच्या उपचारात चालेल. याचा परिणाम एका पातळीनंतर वाढत नाही, त्यामुळे श्वास थांबण्याचा धोका बराच कमी. फ्रान्सने १९९६ पासून कोणत्याही फॅमिली डॉक्टरला ते लिहून देण्याची परवानगी दिली. १९९५ ते १९९९ या काळात तिथले अतिसेवनाचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. काही गोळ्या बाजारात गेल्या, काहींनी विरघळवून टोचल्या, हे फ्रेंच डॉक्टर लपवत नाहीत. अमेरिकेने २००० मध्ये वेगळी परवानगी, आठ तासांचे प्रशिक्षण आणि तीस पेशंटची मर्यादा घालून हेच औषध देण्याचा मार्ग कायद्याने मोकळा केला. ती अट डिसेंबर २०२२ मध्ये उठली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत दोन्ही औषधे २००५ पासून आहेत.

भारताची गोष्ट गुंतागुंतीची आहे, कारण आपल्याकडे ब्युप्रेनॉर्फिन प्रथम रस्त्यावर आले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दिल्ली, चेन्नईसारख्या शहरांत वेदनाशामक म्हणून मिळणारी त्याची इंजेक्शने नशेसाठी टोचली जात होती, आणि ज्या औषधाने पोरे बरबाद होताना पाहिली तेच उपचार म्हणून कसे घ्यायचे, हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना पडणे साहजिक होते. फरक आहे तो नसेतून घेण्यात आणि नर्सने चुरडून जिभेखाली ठेवण्यात. आधी स्वयंसेवी संस्थांनी आणि २००७ नंतर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने ते या दुसऱ्या रीतीने देणे सुरू केले. २०१४ च्या दुरुस्तीने मादक द्रव्य कायद्यात व्यसन्यांच्या उपचाराबरोबर व्यवस्थापनाचाही उल्लेख आला, आणि मेथाडोन अत्यावश्यक मादक औषधांत गेले. महाराष्ट्राची हेरॉइनशी ओळख ऐंशीच्या दशकात गर्दने करून दिली. डॉ. अनिल अवचटांच्या लेखनाने ती घरोघर पोचली आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभे राहिले. तेव्हापासून मराठी मनात व्यसनमुक्ती म्हणजे औषधापासून पूर्ण सुटका, हेच चित्र आहे. ते चित्र दारूच्या बाबतीत अनेकांच्या उपयोगी पडले. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने देशात अफूजन्य पदार्थांसाठी मदत लागणारे सुमारे ७७ लाख लोक मोजले. त्यांतले निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्र आहे. गर्द किंवा इंजेक्शनचा पेशंट महिनाभर दाखल राहून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या अंगाची सवय गेलेली असते. पूर्वीचाच डोस घेतला तर तो मरण्याचा धोका दाखल होण्याआधीपेक्षा जास्त असतो. त्याला सोडताना ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवण्याचा पर्याय त्याच्यापुढे आणि घरच्यांपुढे ठेवला का, हे राज्यातल्या प्रत्येक केंद्राला विचारता येते, आणि ते विचारायला नवा कायदा लागत नाही.